इत्सिंगचा ग्रंथ आणि परदेशवासाची पूर्वतयारी

फाहियान, ह्युएनत्संग आणि इत्सिंग ही तीन नावे आपल्याकडे एका दमात घेतली जातात. तिघेही चिनी भिक्षू, तिघेही धर्मग्रंथांच्या शोधार्थ भारतात आले आणि तिघांनीही मागे वृत्तान्त ठेवले, एवढे साम्य पाहून आपण त्यांना एकाच रांगेत बसवितो. त्यातही इत्सिंगचे स्थान तिसरे. नालंदा महाविहारातील भिक्षूंची संख्या, विहारास लावून दिलेल्या गावांची संख्या, काशिकावृत्तीचा काळ, भर्तृहरीच्या मृत्यूचे वर्ष अशा काही नोंदींसाठी त्याची पाने चाळली जातात आणि काम झाले की ग्रंथ मिटला जातो. भर्तृहरीविषयीची त्याची नोंद आज विद्वानांस मान्य नाही, कारण दिङ्नागाने भर्तृहरीचा आधार घेतल्याचे दिसत असल्याने त्याचा काळ बराच मागे न्यावा लागतो. त्यामुळे इतिहासाचे साधन म्हणूनही हा ग्रंथ थोडासा संशयास्पद ठरला आहे.

आमच्या मते या ग्रंथावर येथे एक अन्याय झाला आहे. जो हेतू मनात धरून तो लिहिला गेला, तो हेतू ध्यानात घेऊन तो क्वचितच वाचला जातो. परक्या देशात जाऊन तेथे दीर्घकाळ राहणाऱ्याने काय शिकून जावे, गेल्यावर देह, जिव्हा आणि दिनचर्या कशी बदलावी, काय सोडावे आणि काय सोडू नये, हा या ग्रंथाचा खरा विषय आहे. फाहियान आणि ह्युएनत्संग यांनी प्रामुख्याने प्रवासवर्णने लिहिली. इत्सिंगने लिहिले ते, शब्द वापरायचाच झाला तर, निवासवर्णन आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्याचे गुणदोष तपासण्याचा आमचा विचार आहे. दरवर्षी श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथे वर्ष-दोन वर्षांच्या अध्ययनासाठी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना या चर्चेचा उपयोग व्हावा, अशीही आमची अपेक्षा आहे.

ग्रंथाच्या नावापासूनच आरंभ करू. चिनी नावाचा अर्थ साधारणपणे 'दक्षिण समुद्रातून घरी पाठविलेला सद्धर्माच्या आचाराचा वृत्तान्त' असा होतो. 'घरी पाठविलेला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघाला आणि ६९५ मध्ये परतला. ग्रंथ मात्र त्याने ६९२ मध्येच, स्वतः परदेशी असताना, सुमात्रा बेटावरील श्रीविजयाहून एका भिक्षूच्या हाती स्वदेशी धाडला. परतल्यानंतर सावकाश आठवून लिहिलेला हा वृत्तान्त नाही. परदेशी बसून, घरच्या माणसांना उद्देशून लिहिलेले हे चाळीस प्रकरणांचे दीर्घ पत्र आहे. जपानी पंडित ताकाकुसु यांनी १८९६ साली ऑक्सफर्ड येथून त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि आपल्याकडील बहुतेक अभ्यासकांना हा ग्रंथ त्याच मार्गाने ठाऊक झाला. चाळीस प्रकरणांच्या मथळ्यांवरून नजर फिरविली तरी त्याची प्रकृती कळते. भोजनासाठी बसण्याची रीत, शुद्ध व उच्छिष्ट अन्न, दंतकाष्ठ, पाण्याची दोन पात्रे, पाण्यातील जीवांची तपासणी, स्नानाची वेळ, वंदनाची रीत, औषधे, अध्ययनाचा क्रम असे हे विषय आहेत. राजे आणि नगरे यांचा येथे फारसा संबंध नाही.

पाली वाङ्मय जाणणाऱ्या वाचकाला या सूचीत ओळखीचे काही दिसेल. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वत्तक्खंधक नावाचा एक खंड आहे. त्यात आगन्तुकवत्त, आवासिकवत्त आणि गमिकवत्त अशी तीन वत्ते आरंभीच येतात. आगन्तुक म्हणजे बाहेरून आलेला, आवासिक म्हणजे तेथेच राहणारा आणि गमिक म्हणजे निघालेला. बाहेरून आलेल्या भिक्षूने आरामात शिरताना वहाणा काढून हातात घ्याव्यात, छत्री उतरवावी, डोके उघडे करावे, घाई न करता आत जावे. तेथील भिक्षू कोठे जमतात ते पाहून त्या बाजूस जावे. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरायचे कोणते ते विचारावे. आपल्याला कोणते शयनासन मिळणार, भिक्षाटनासाठी कोठे जावे व कोठे जाऊ नये, शौचाची जागा कोणती, तेथील संघाने आपसांत कोणते संकेत ठरविले आहेत आणि ये-जा कोणत्या वेळी करावी, हेही विचारावे. रिकाम्या विहाराचे दार एकदम उघडू नये, आधी ठोठवावे, क्षणभर थांबावे, मग बाहेर उभे राहूनच आत पाहावे. या नियमाला कारण झालेली कथाही तेथेच आहे. एका भिक्षूने घाईने दार ढकलले आणि वरून त्याच्या खांद्यावर साप पडला. भयाने त्याने आरोळी ठोकली.

या नियमांकडे केवळ शिष्टाचार म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्यांतील बहुसंख्य नियम विचारण्याचे आहेत. आगन्तुकाला ठाऊक नसते, हे विनयाने गृहीत धरले आहे आणि त्या अज्ञानाला लज्जेचा विषय न करता कर्तव्याचे रूप दिले आहे. उलट बाजूस, आवासिकानेही आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे आणि विचारण्याआधीच बरेचसे सांगावे, अशी योजना आहे. परक्या जागी स्थिरावणे हे एकट्या येणाऱ्याचे काम नाही, ही जाण त्यात आहे. गमिकवत्तही तितकेच बोलके आहे. निघणाऱ्याने लाकडी व मातीची भांडी आवरून ठेवावीत, दारे-खिडक्या लावाव्यात आणि शयनासन कोणाच्या तरी स्वाधीन करून निरोप घ्यावा. निरोप घेण्यास कोणीच नसेल तर चार दगडांवर मंचक ठेवून त्यावर दुसरा मंचक, पीठावर पीठ आणि वर अंथरूण रचून जावे. जाणे हेही नीट करावयाचे काम आहे, असा याचा अर्थ.

इत्सिंग मूलसर्वास्तिवादाच्या विनयाचा अनुयायी होता. पाली विनय त्याचा नव्हे. तरीही त्याचा ग्रंथ वाचताना असे जाणवते की, विहाराच्या उंबरठ्यावर लागू होणारी ही वत्ते त्याने समुद्राच्या उंबरठ्यावर आणून ठेवली आहेत. एका आरामातून दुसऱ्या आरामात जाणाऱ्याला जे विचारावे लागते, ते एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्याला शतपटीने विचारावे लागते आणि ते निघण्यापूर्वीच कोणीतरी सांगून ठेवले तर बरे, ही त्याची भूमिका आहे.

ही भूमिका त्याला स्वानुभवातून मिळाली. चांगआनमध्ये असताना त्याच्याबरोबर येण्याचे काही मित्रांनी ठरविले होते. एकाची माता वृद्ध होती, दुसऱ्याचे मन पालटले आणि अखेर समुद्रावर त्याच्यासोबत एक तरुण शिष्य तेवढा उरला. तोही श्रीविजयाला पोहोचल्यावर आजारी पडून परत गेला. पर्शियन जहाजातून वीस दिवसांच्या आत इत्सिंग श्रीविजयास उतरला. पुढील जहाज मिळेपर्यंत नुसते थांबणे त्याला शक्य होते. त्याने सहा महिने तेथे राहून शब्दविद्येचा, म्हणजे संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला. मग मलायू, तेथून केडा, तेथून निकोबार बेटांजवळून प्रवास करीत तो इ. स. ६७३ मध्ये ताम्रलिप्तीस आला. या बंदरातही तो थांबला. एका वडील चिनी भिक्षूच्या सान्निध्यात सुमारे वर्षभर राहून त्याने भाषेचा अभ्यास चालू ठेवला आणि त्यानंतर तो मगधाकडे निघाला. नालंदेस त्याने पुढे सुमारे दहा वर्षे काढली. त्या दहा वर्षांचे फळ दोन मधल्या मुक्कामांत पेरले गेले होते, असे आम्ही समजतो.

हा निष्कर्ष केवळ आमचा नाही, इत्सिंगचाही आहे. मूलसर्वास्तिवाद विनयाच्या एका ग्रंथाचा अनुवाद करताना जोडलेल्या टीपेत तो सांगतो की, श्रीविजयात हजाराहून अधिक भिक्षू असून त्यांचे आचार मध्यदेशातील आचारांसारखेच आहेत. यास्तव भारतात जाऊन अध्ययन करू इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूने तेथे एक-दोन वर्षे राहून योग्य रीती अंगवळणी पाडाव्यात आणि नंतरच पुढे जावे. परदेशवासाच्या तयारीविषयी इतका व्यवहार्य सल्ला प्राचीन वाङ्मयात विरळाच आढळेल. तयारी घरी बसून पुरी होत नाही आणि एकदम मुक्कामी पोहोचूनही होत नाही. ती मधल्या ठिकाणी होते, जेथे चुका केल्या तरी त्या कोणी मनावर घेत नाही आणि जेथे आपल्या भाषेतले दोन शब्द कानी पडू शकतात.

भाषेबाबत तो विशेष कठोर आहे. अध्ययनाच्या प्रकरणात भारतीय मुलांचा व्याकरणाचा क्रम तो वर्षांच्या हिशेबाने मांडतो. सहाव्या वर्षी वर्णमाला आणि सिद्धम्, आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, पंधराव्या वर्षी वृत्ती आणि तिच्यासाठी पाच वर्षे. चीनमधून येणाऱ्याने प्रथम हे करावे, अन्यथा त्याचे श्रम वाया जातील, असे त्याचे म्हणणे आहे. ज्यांनी चाळीस दिवसांच्या मुक्कामात दर्शन घेऊन परतायचे, त्यांच्यासाठी हा ग्रंथ लिहिलेला नाही, हे येथे स्पष्ट होते.

ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र देहाविषयीचा आहे. भारतीय भिक्षू वेताने विणलेल्या लहान, ठेंगण्या आसनावर, पाय जमिनीला टेकवून भोजनास बसतात. चिनी भिक्षू मोठ्या बैठकीवर मांडी घालून गुडघ्याला गुडघा लावून बसतात, हा फरक तो मोजमापासह देतो. दंतकाष्ठ बारा अंगुळे लांबीचे असावे, त्याने दात घासून जीभही स्वच्छ करावी, आणि त्याला चिनी लोक वाळुंजाची फांदी समजतात ती चूक आहे, हेही सांगतो. पिण्याच्या पाण्याचे पात्र मातीचे, हात-पाय धुण्याचे तांब्याचे वा लोखंडाचे, ही दोन पात्रे कधी एक होता कामा नयेत. शुद्ध आणि उच्छिष्ट यांतील भेद समजावून सांगण्यासाठी तर त्याला स्वतंत्र प्रकरण लागले. मराठी वाचकाला याचे नवल वाटेल. उष्टे म्हणजे काय हे आपल्या घरातील चार वर्षांच्या मुलाला कळते. नेमक्या याच कारणाने इत्सिंगला काय शिकावे लागले, ते आपल्याला दिसत नाही. जे एका देशात न शिकविताच येते, ते दुसऱ्या देशातील पंडितालाही प्रकरण लिहून शिकावे लागते. आपला विद्यार्थी परदेशी गेला म्हणजे हीच स्थिती उलट होते. मध्यभागी ठेवलेल्या पदार्थांतून सर्वांनी आपापल्या ताटलीत घेत जेवण्याच्या पंगतीत तो प्रथम बसतो, तेव्हा त्याचा हात क्षणभर थबकतो आणि तो का थबकला हे यजमानाला कळत नाही.

मध्यान्हाविषयीचे त्याचे विवेचन आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते. मध्यान्हानंतर भोजन नाही हा नियम सर्वत्र एकच. पण मध्यान्ह कोणता? इत्सिंग सांगतो की, सावली देशोदेशी वेगळी पडते. श्रीविजयात वर्षातील काही दिवशी भर दुपारी उभ्या माणसाची सावली पडतच नाही, तर चीनमधील लोयांगला तसे कधी घडत नाही. म्हणून जेथे राहायचे तेथील सूर्यावरून तेथील मध्यान्ह ठरवावा. नियम बदलत नाही, मोजणी बदलते. परदेशी राहणाऱ्याचे दोन प्रकार नेहमी दिसतात. एक आपल्या गावचे घड्याळ घेऊन जातो आणि तेच लावून बसतो. दुसरा नव्या देशात पाय ठेवताच नियमच सोडून देतो. इत्सिंगने दाखविलेली वाट या दोहोंहून निराळी आहे आणि ती त्याने उपदेश म्हणून न सांगता काठीच्या सावलीवरून सांगितली आहे.

तो अंध अनुकरण करणारा नव्हता, याचीही साक्ष ग्रंथात आहे. थंड प्रदेशातील भिक्षूने शरीररक्षणासाठी अधिक वस्त्र वापरावे, हे तो मान्य करतो. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या स्वदेशीय कर्मठांना तो अतिरेकी ठरवितो. औषधी वनस्पती, नाडीपरीक्षा आणि सुयांनी करावयाची चिकित्सा यांत चीनची बरोबरी दुसरा देश करू शकत नाही, असेही अभिमानाने लिहितो. घरून काय घेऊन जावे याचा विचार त्याने केला होता, हे यावरून ध्यानात येते.

इ. स. ६८९ मधील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. भारतातून परतून तो श्रीविजयात ग्रंथांच्या अनुवादात गुंतला होता. कागद, शाई आणि लेखनिकांचा खर्च मागविण्यासाठी पत्र द्यावे म्हणून तो एका व्यापारी जहाजावर गेला. तेवढ्यात अनुकूल वारा सुटला, शिडे चढली आणि जहाज त्याला घेऊनच चीनकडे निघाले. ग्रंथ सारे श्रीविजयात राहिले. त्याच वर्षी सहकारी जमवून तो पुन्हा श्रीविजयास परतला. घर सोडून अठरा वर्षे झालेल्या, अनेक देश पाहिलेल्या विद्वानाचे काम कागद आणि शाई यांवाचून अडले होते. परदेशवासात मोठ्या गोष्टी माणूस निभावून नेतो, अडतो तो अशा वस्तूंसाठी, हे त्याने न लपविता लिहून ठेवले आहे.

राहण्याच्या जागेविषयीही तो स्पष्ट बोलतो. भारतात गेलेल्या पन्नासाहून अधिक भिक्षूंची चरित्रे त्याने वेगळ्या ग्रंथात लिहिली. त्यांतील कित्येक वाटेत वा परदेशातच मरण पावले. चिनी भिक्षूंसाठी श्रीगुप्त नामक राजाने फार पूर्वी एक विहार बांधून त्यास गावे लावून दिली होती, परंतु इत्सिंगच्या काळी त्याच्या पायाच्या विटा तेवढ्या उरल्या होत्या. इतर देशांच्या भिक्षूंना भारतात आपापले विहार आहेत, चीनच्या भिक्षूला मात्र हक्काचे छप्पर नाही आणि त्यामुळे तो कोठेही स्थिर होऊ शकत नाही, ही त्याची तक्रार आहे. एकट्याच्या धैर्यावर परदेशवास तडीस जात नाही, त्याला मागे उभी असलेली संस्था लागते, हा विचार तेराशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

येथवर गुणांची चर्चा झाली. आता उणिवांकडे वळणे प्राप्त आहे. पहिली उणीव अशी की, या ग्रंथात माणसे फार थोडी आहेत. चालीरीती आहेत, पात्रे आहेत, मापे आहेत, पण दहा वर्षे ज्यांच्या शेजारी राहिला त्या नालंदेतील सहाध्यायांचे स्वभाव, त्यांच्याशी झालेले वाद, मैत्री यांचा मागमूस क्वचितच लागतो. ताम्रलिप्तीहून मगधाकडे जाताना तो आजारी पडून तांड्यामागे राहिला, चोरांनी त्याला लुटून वस्त्रेही काढून घेतली, जिवाच्या भीतीने त्याने अंगाला चिखल फासला, झाडाची पाने गुंडाळली आणि रात्री कसाबसा सोबत्यांना गाठले. हा विलक्षण प्रसंग त्याने लिहिला आहे खरा, पण तो भिक्षुचरित्रांच्या ग्रंथात. आचारग्रंथात त्या भीतीला जागा नाही. त्यामुळे परदेशवासाची पूर्वतयारी करणाऱ्याला मनाची तयारी कशी करावी, हे येथून कळत नाही. त्यासाठी पाली वाङ्मयात पुण्णोवादसुत्ताकडे वळावे लागते. सुनापरान्ताकडे निघालेल्या पुण्णाला भगवंत प्रवासाचे सामान विचारीत नाहीत. तेथील लोकांनी शिव्या दिल्या तर, हात उगारला तर, दगड मारले, दांडके मारले, शस्त्र चालविले तर तुला काय वाटेल, असे एकेक पायरी चढत विचारतात. अट्ठकथेने पुण्णाचा संबंध सुप्पारकाशी, म्हणजे आपल्या सोपाऱ्याशी जोडला आहे, त्यामुळे हे सुत्त आपल्याला विशेष जवळचे. इत्सिंगच्या चाळीस प्रकरणांत हे एक प्रकरण नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. भारतात असे करतात आणि चीनमध्ये मात्र तसे करीत नाहीत, हा साचा ग्रंथभर चालतो आणि दरवेळी दोष चीनच्या पदरात पडतो. परदेशातील वास्तव्य हे स्वदेशाला खाली पाहावयास लावण्याचे साधन बनते. चीनमधील आचार ज्या कारणांनी तसे घडले, त्या कारणांचा विचार तो वस्त्र, रेशीम आणि औषध यांबाबत करतो, पण बसणे, वंदन, भोजन यांबाबत करीत नाही. ज्याने सावलीवरून मध्यान्ह बदलतो हे शिकविले, त्याने आसनाला तो न्याय लावला नाही.

या ठिकाणी धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदन' या आत्मवृत्ताशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतील परदेशवासाचे एक अत्यंत प्रामाणिक वृत्त आहे. गोव्याच्या साखवाळचा हा तरुण १८९९ च्या अखेरीस घराबाहेर पडला, काशीस अन्नछत्रात जेवून त्याने संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला आणि १९०२ मध्ये तो सिंहलद्वीपास जाऊन कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकू लागला. इत्सिंगला जे श्रीविजय झाले, ते कोसंबींना काशी झाली, असे म्हणता येईल. संस्कृताचा पाया पक्का नसता तर सिंहलद्वीपातील अल्प मुक्कामात त्यांना एवढे साधले नसते. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांना ते बेट सोडावे लागले. पुढे ब्रह्मदेश झाला आणि १९१० ते १९३२ या काळात चार वेळा अमेरिकेतील हार्वर्ड येथे विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी जाणे झाले. कोसंबी आपल्या शरीराची, पैशाची आणि मनाची अडचण लपवीत नाहीत. जे इत्सिंगमध्ये नाही, ते येथे आहे. उलट, मागून येणाऱ्याने काय करावे याची पद्धतशीर मांडणी जी इत्सिंगमध्ये आहे, ती कोसंबींना अभिप्रेत नव्हती. मराठीतील विद्यार्थ्याने दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्ही सुचवितो. एक आचारासाठी, दुसरा धीरासाठी.

कोसंबींच्या दृष्टीचा आणखी एक विशेष नोंदविला पाहिजे. सिंहली आणि ब्रह्मी लिपींत बंदिस्त असलेला विसुद्धिमग्ग त्यांनी देवनागरीत संपादून दिला आणि तो १९४० मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाला. परदेशातून परतताना त्यांनी स्वदेशीयांच्या उणिवांची यादी आणली नाही, येथील वाचकाला वाचता येईल असा ग्रंथ आणला.

आता आजचा प्रश्न. आपला विद्यार्थी देवनागरीतील पाठ्यपुस्तकांवर पाली शिकतो, चांगले गुण मिळवितो आणि वर्षभराच्या अध्ययनासाठी बाहेर पडतो. श्रीलंकेत त्याला उच्चार ओळखीचे वाटतात, पण लिपी अडविते. थायलंडमध्ये 'बुद्ध' हा शब्द 'फुत्थ' असा आणि 'भगवतो' हा 'फखवतो' असा कानी पडतो. म्यानमारमध्ये 'स' हा वर्ण जीभ दातांत धरून 'थ'च्या जवळ उच्चारला जातो आणि 'च'चा 'स' होतो. ज्या त्रिशरणाचा त्याने लहानपणापासून उच्चार केला, तेच त्याला तेथे पहिल्या दिवशी ओळखू येत नाही. हा धक्का लहान नाही. पाली येत नाही असे त्याला वाटू लागते आणि वर्षातील पहिले तीन-चार महिने त्यात जातात. एका वर्षाच्या मुक्कामात तीन-चार महिने म्हणजे तिसरा हिस्सा झाला.

यावर उपाय अवघड नाही. इत्सिंगची टीप आपण आपल्या परिस्थितीला लावून पाहावी. प्रत्येकाने कोठेतरी मध्ये वर्षभर थांबावे हे आज शक्य नाही, पण निघण्यापूर्वीचे सहा महिने हेच मधले ठिकाण करता येईल. ज्या देशात जायचे त्या देशाची लिपी या काळात शिकावी आणि धम्मपदासारखा परिचित ग्रंथ त्या लिपीत वाचावा. तेथील परित्तपाठाच्या ध्वनिफिती ऐकून ओळखीच्या गाथा अनोळखी उच्चारांत पकडण्याचा सराव करावा. त्या देशातून आलेले भिक्षू वा विद्यार्थी आपल्या शहरात असतील तर त्यांच्यासोबत जेवावे. वत्तक्खंधकातील प्रश्नांची यादी आजच्या रीतीने करून न्यावी: भोजनाची वेळ, पाण्याची सोय, कोठे अनवाणी जावे, भिक्षूंना वस्तू कशी द्यावी, स्त्रियांनी कोणत्या मर्यादा सांभाळाव्यात, कोणता दिवस सुटीचा आणि कोणता उपोसथाचा. यांतील एकही गोष्ट विचारण्यात कमीपणा नाही. विनयाने ती आगन्तुकाची कर्तव्ये ठरविली आहेत.

पाठविणाऱ्या संस्थांचेही कर्तव्य आहे. तिकीट आणि शिफारसपत्र दिले की आपले काम संपले, ही समजूत सोडली पाहिजे. पूर्वी तेथे राहून आलेल्यांनी नव्याने जाणाऱ्यांसाठी आवासिकाची भूमिका घ्यावी. तेथे असताना महिन्याकाठी एक पत्र संस्थेस यावे आणि ते जपून ठेवावे. अशा दहा वर्षांच्या पत्रांतून आपल्या काळाचा, आपल्या गरजांचा आचारग्रंथ आपोआप तयार होईल.

शेवटी परतण्याविषयी. इत्सिंगचा दुसरा दोष आपल्याकडेही आढळतो. वर्षभर बाहेर राहून आलेला विद्यार्थी येथील विहारात येतो आणि वंदनेतील उच्चार, बसण्याची पद्धत, पूजेचा क्रम, सारे चुकीचे असल्याचे सांगू लागतो. १९५६ नंतर आपल्या वस्त्यांत, अपुऱ्या साधनांनिशी, पुष्कळदा ग्रंथ वा गुरू यांवाचून, जो आचार उभा राहिला त्याला त्याची स्वतःची कारणे आहेत. तो परिपूर्ण आहे असे कोणी म्हणत नाही. पण कोलंबोची वा मंडालेची सावली मोजून नागपूरचा मध्यान्ह ठरविता येणार नाही, हे इत्सिंगच्याच सूत्राने सांगता येते. परतणाराही एका अर्थी आगन्तुकच असतो. वर्षभरात येथेही काही बदललेले असते. त्याने दार ठोठवावे, क्षणभर थांबावे आणि आधी विचारावे. मग आपण जे आणले ते, कोसंबींप्रमाणे, येथील लिपीत मांडावे.